घोड्याच्या पाठीवरील पाठशाळा

मराठी भाषेंत घोड्याच्या पागेंतून पुष्कळ शब्द आले आहेत. उधळ्या माणसाला लगाम घालावा लागतो, एखाद्या विषयावर कोणाची पक्की मांड बसते, आणि निरुपयोगी माणसांच्या गर्दीला खोगीरभरती म्हणतात. हे शब्द ज्या काळीं घराघरांत शिरले, त्या काळीं घोडा म्हणजे सामर्थ्यवानांचें वाहन होतें. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर काय किंवा स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार काय, दोघेहि धडधाकट हातापायांचे. ज्याला चालतां येत नाहीं, ज्याला दिसत नाहीं, किंवा ज्याच्या बुद्धीची वाढ वयाच्या मानानें मागें राहिली आहे, अशा माणसाला घोड्यावर बसवावें असें त्या काळच्या एखाद्या शिलेदाराला कोणी सुचविलें असतें, तर ती त्याला थट्टाच वाटली असती.

परंतु ही थट्टा नव्हे. युरोपांत आणि अमेरिकेंत आज अशा शाळा ठिकठिकाणीं चालतात. तेथें सर्व तऱ्हेच्या शक्तीचीं माणसें, लहान आणि मोठीं, घोड्याच्या संगतींत कांहीं ना कांहीं शिकतात. घोडा त्यांना नेमकें काय शिकवितो, आणि त्याच्या भोंवतीं काम करणाऱ्या धडधाकट माणसांना काय शिकावें लागतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यांतील दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे, हें पुढें ध्यानांत येईल.

या हकीकतीचा आरंभ डेन्मार्क देशांतील लिस हार्टेल या बाईंपासून करावा हें योग्य. यांचा जन्म १९२१ सालचा. ड्रेसेज या प्रकारांत त्यांचा हातखंडा होता. ड्रेसेज म्हणजे घोड्याची एक प्रकारची कवाइत. स्वार बसल्या जागीं इतके सूक्ष्म इशारे देतो कीं पाहणाऱ्याला ते दिसूं नयेत, आणि त्या इशाऱ्यांवर घोडा चाल बदलतो, वळतो, आडवा सरकतो, जागच्या जागीं पावलें टाकतो. १९४३ आणि १९४४ या दोन्ही सालीं बाई आपल्या देशांत पहिल्या आल्या. १९४४ च्या सप्टेंबर महिन्यांत त्यांना पोलिओ झाला. वय २३ वर्षांचें, आणि त्या वेळीं त्या गरोदर होत्या. अंग जवळजवळ सर्व लुळें पडलें. मुलगी सुखरूप जन्मली. परंतु आतां फार तर कुबड्यांच्या आधारानें चालतां येईल, यापलीकडे कोणी आशा दाखविली नाहीं.

बाईंनीं आधीं हात उचलण्याचा सराव केला, मग रांगण्याचा, मग कुबड्यांचा. मांड्यांतील स्नायूंत कांहीं बळ परत आलें. गुडघ्यांखालील पाय मात्र कायमचे गेले. तरीहि त्या घोड्यावर बसल्या. घोड्यावर चढविण्याला आणि उतरविण्याला माणूस लागे, पण एकदां खोगिरांत बसल्यावर त्यांचें त्या पाहूं लागल्या. ड्रेसेजमध्यें स्वाराचे पाय हें मोठें साधन. टांचेचा दाब म्हणजे घोड्याला दिलेली आज्ञा. तें साधनच नाहींसें झालें, तेव्हां बाईंनीं पाठीचा कणा, कमर आणि शरीराचा भार यांनींच बोलावयाचें ठरविलें. ज्युबिली नांवाची त्यांची घोडी ही नवी भाषा शिकली. १९४७ सालीं स्कँडिनेव्हियाच्या स्पर्धेंत बाईंनीं दुसरा क्रमांक मिळविला.

पुढची अडचण पायांची नव्हती, नियमांची होती. त्या काळीं ऑलिंपिक ड्रेसेजमध्यें फक्त सनदी लष्करी अधिकाऱ्यांनाच उतरतां येई. नियम किती कडक होता याचें एक उदाहरण पहा. १९४८ सालीं लंडनला स्वीडनच्या चमूनें सुवर्णपदक जिंकलें. चमूंतील एक स्वार वास्तविक सनदी अधिकारी नसून सार्जंट आहे असें निघालें, आणि दुसऱ्या वर्षीं तें पदक काढून घेण्यांत आलें. जेथें सार्जंटाला मज्जाव, तेथें बाईला कोठून प्रवेश? पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून हा नियम सुटला. त्या वर्षीं ड्रेसेजमध्यें चार स्त्रिया उतरल्या, त्यांत लिस हार्टेल एक. पुरुषांच्या बरोबरीनें स्पर्धा करून त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदक स्वीडनच्या हेन्री सेंट सिर यांना मिळालें. पदक घेण्यासाठीं चौथऱ्यावर चढावयाचें, आणि बाईंना तर चढतां येईना. तेव्हां सेंट सिर यांनीं स्वतः आधार देऊन त्यांना वर घेतलें. १९५६ सालचें ऑलिंपिक ऑस्ट्रेलियांतील मेलबोर्नला होतें. परंतु बाहेरच्या घोड्यांना त्या देशांत येऊं देण्यास तेथील रोगप्रतिबंधक कायदा आड आला, म्हणून घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. तेथेंहि सुवर्ण सेंट सिर यांना आणि रौप्य हार्टेलबाईंना, असाच निकाल लागला.

हें पदक पाहून ठिकठिकाणच्या व्यायामचिकित्सकांच्या मनांत एक विचार आला. हार्टेलबाई आधींपासूनच निष्णात स्वार होत्या हें खरें. पण ज्याला घोडा अगदींच अनोळखी आहे, त्या दुबळ्या मुलालाहि यांतून कांहीं मिळेल काय? नॉर्वे, डेन्मार्क आणि इंग्लंड या देशांत कांहीं लोकांनीं तसा प्रयत्न करून पाहिला. १९६९ सालीं इंग्लंडांत ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली, आणि त्याच सालीं अमेरिकेंतहि तशीच एक संस्था निघाली. जर्मन भाषा बोलणाऱ्या देशांत डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घोड्याच्या चालीचा उपचार म्हणून उपयोग करण्याची पद्धति वाढली. १९९६ सालीं अटलांटा येथें पॅरालिंपिक खेळांत ड्रेसेजचा समावेश झाला. सांध्यांच्या जन्मजात विकृतीनें हातपाय वांकडे झालेले इंग्लंडचे ली पिअर्सन यांनीं तर पुढें त्या खेळांत १४ सुवर्णपदकें मिळविलीं.

आतां घोडा काय करतो तें पाहूं. घोडा साध्या कदमचालीनें चालूं लागला म्हणजे त्याची पाठ एकाच वेळीं वरखालीं, पुढेंमागें आणि डावीउजवीकडे हलते. मनुष्य स्वतःच्या पायांनीं चालतांना त्याची कंबर ज्या रीतीनें हलते, तिच्याशीं ही हालचाल विलक्षण जुळते. म्हणजे जें मूल जन्मापासून एकहि पाऊल टाकूं शकलें नाहीं, त्याच्या कमरेला चालणें म्हणजे काय याचा अनुभव घोड्याच्या पाठीवर प्रथम मिळतो. घोडा मिनिटाला सुमारें शंभर पावलें टाकतो. अर्ध्या तासाच्या पाठांत तीन हजार पावलें झालीं. प्रत्येक पावलाला स्वाराचा तोल थोडा ढळतो, आणि तो त्याला सांवरावा लागतो. तीन हजार वेळां तोल सांवरण्याचा व्यायाम करावयाला कोणत्याहि मुलाला सांगून पहावें. दहाव्या वेळीं तें कंटाळेल. घोड्यावर बसलेल्या मुलाला मात्र आपण व्यायाम करीत आहोंत हें ठाऊकच नसतें. तें घोड्यावर बसलेलें असतें. शिवाय घोड्याचें शरीर माणसाच्या शरीराहून सुमारें एक अंशानें अधिक उबदार असतें. मांड्यांचे स्नायू ज्याचे आंखडून गेले आहेत, त्याला त्या उबेनें आणि त्या संथ हेलकाव्यानें पाय सैल सोडतां येतात.

परंतु घोडा नुसतें यंत्र नव्हे. यंत्राला कळ दाबली कीं पुरे. घोड्याला कळावें लागतें, आणि त्याला कळेल असें वागावें लागतें. ओरडलें तर तो बिचकतो, लगाम ओढून धरला तर मान उडवितो, आणि हुकूम अस्पष्ट असला तर स्वस्थ उभा राहतो. आई, बाप, शिक्षक हीं माणसें मुलाच्या मनांतलें त्यानें सांगण्यापूर्वींच ओळखतात आणि तें पुरवितात. घोडा तसें करीत नाहीं. त्याच्या ठिकाणीं माया असेल, पण दया नसते. पाठीवर कोण बसलें आहे, त्याला लोक काय म्हणतात, डॉक्टरांनीं कागदावर काय लिहिलें आहे, याची त्याला वार्ता नसते. त्याला फक्त हुकूम कळतो किंवा कळत नाहीं. ज्या मुलाला जन्मभर सर्वांनीं सवलत दिली, त्याला सवलत न देणारा पहिला भेटतो तो हा. त्याच्या शाळेचें खरें मोल येथें आहे.

अशा शाळेंतील एखादा पाठ कसा चालतो तें सांगितलें म्हणजे हा मुद्दा उघड होईल. समजा, आठ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याची मान स्थिर राहत नाहीं, पायांत जोर नाहीं, आणि तोंडांतून क्वचितच शब्द निघतो. मैदानांत एक उतरता ओटा बांधलेला असतो. चाकांची खुर्ची त्यावर चढवितात, म्हणजे मुलगा घोड्याच्या पाठीच्या उंचीला येतो. डोक्यावर टोप घालतात. पाय अडकून राहूं नये म्हणून दाब पडतांच सुटणारी रिकीब वापरतात. मग तीन माणसें लागतात. एक घोड्याच्या तोंडाशीं दोरी धरून चालतो. दोघे स्वाराच्या दोन बाजूंना चालतात आणि त्याच्या मांडीवर किंवा घोट्यावर हात ठेवतात. चौथा शिक्षक. तो मैदानाच्या मध्यें उभा राहून पाठ देतो.

शिक्षक म्हणतो, “घोड्याला चल म्हण.” मुलगा गप्प. सर्वजण थांबतात. दोरी धरणाऱ्याच्या मनांत येतें, पाऊल टाकावें, बिचाऱ्याला बोलतां येत नाहीं. नेमकें हेंच त्यानें करावयाचें नसतें. तो पाऊल टाकील तर घोडा चालेल, मुलाला आनंद होईल, पाहणाऱ्या आईलाहि आनंद होईल, आणि पाठ फुकट जाईल. तो थांबतो. अर्धें मिनिट जातें, एक मिनिट जातें. कोणी खोकत नाहीं, कोणी सुचवीत नाहीं. मग मुलाच्या तोंडून कसाबसा एक आवाज निघतो. तो ‘चल’ नसतो, पण तो आवाज चालण्यासाठीं काढलेला असतो. त्या क्षणीं दोरी धरणारा पाऊल टाकतो आणि घोडा चालूं लागतो. चारपांचशें किलो वजनाचें तें जनावर आपल्या एका आवाजानें हललें, हें त्या मुलाला कळतें. आजवर त्याच्या आवाजानें जगांत कांहींच हललें नव्हतें.

बाजूच्या दोघांचें काम याहून नाजूक असतें. त्यांचा हात स्वाराच्या मांडीवर असतो, कारण तो पडतां कामा नये. पण हात जितका घट्ट, तितका स्वाराचा कणा सैल. जो तोल दुसरा सांभाळतो, तो स्वतः सांभाळण्याचें शरीराला कारण राहत नाहीं. म्हणून हे सोबती दिवसेंदिवस हाताचा दाब कमी करीत जातात. आधीं मांडीवर हात, मग नुसता घोट्यावर, मग बाजूला बोटभर अंतरावर, आणि शेवटीं हात खालीं सोडून नुसतें बरोबर चालावयाचें. हात केव्हां काढावा हें सांगणारें पुस्तक नाहीं. एक दिवस लवकर काढला तर अपघात होईल. एक महिना उशीरा काढला तर अपघात होणार नाहीं, पण मूल तेथेंच राहील. यांतली दुसरी चूक कोणाला दिसत नाहीं, म्हणून तीच अधिक होते. सद्भावनेनें काम करूं आलेल्या माणसांना हा पाठ घोड्यापेक्षां कठीण जातो. या कामाला दयाळू मन लागतें हें खरें. पण त्या दयेला लगाम घालण्याची शक्तीहि तितकीच लागते.

सर्वांनीं घोड्यावर बसलेंच पाहिजे असेंहि नाहीं. कोणी घोड्याला खरारा करतो, कोणी चारा मोजतो, कोणी खूर साफ करावयास शिकतो. घोड्याचा खूर उचलावयाचा तर त्याच्या पायाशीं वांकावें लागतें आणि त्याचा विश्वास संपादावा लागतो. युद्धाच्या आठवणींनीं ज्यांची झोंप उडाली आहे अशा सैनिकांनाहि अशा शाळांत आणतात. घोडा हा भित्रा, सावध प्राणी. जवळच्या माणसाच्या अंगांतला ताण तो लगेच ओळखतो आणि दूर सरतो. त्याला जवळ आणावयाचें तर आधीं आपला श्वास शांत करावा लागतो. दृष्टिहीन स्वारांची रीत तर पाहण्यासारखी आहे. ड्रेसेजच्या मैदानाच्या कडेला ठराविक जागीं अक्षरें लिहिलेलीं असतात, आणि कोणती हालचाल कोणत्या अक्षराशीं करावयाची हें ठरलेलें असतें. दृष्टिहीन स्वारासाठीं त्या अक्षरांपाशीं माणसें उभीं राहतात आणि आपापलें अक्षर पुकारतात. स्वार आवाजाच्या रोखानें घोडा नेतो. घोडा त्याचा तोच चालवितो. अक्षर तेवढें दुसरा सांगतो.

आतां दोन शब्द सावधगिरीचे. माथेरान-महाबळेश्वरला मुलाला घोड्यावरून एक रपेट करवून आणली म्हणजे हें साधलें, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. तो घोडा, तें खोगीर आणि तो रस्ता निराळ्या कामाचे. या शाळेंत प्रत्येक स्वाराला आधीं डॉक्टरांची संमति लागते. डाऊन सिंड्रोम असलेल्या कांहीं मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. अशांना घोड्यावर बसविणें धोक्याचें, म्हणून आधीं तपासणी होते. ज्यांचीं हाडें ठिसूळ आहेत किंवा ज्यांची फेफऱ्याची व्याधि आटोक्यांत नाहीं, त्यांनाहि परत पाठवावें लागतें. नाहीं म्हणतां येणें हाहि या कामाचाच भाग आहे.

घोड्याचाहि विचार करावयास हवा. सगळेच घोडे या कामाला चालत नाहींत. चाल सम हवी, स्वभाव शांत हवा, आणि चाकांची खुर्ची, कुबडी, फेंकलेला चेंडू, अचानक निघालेली किंकाळी यांना तो बुजतां कामा नये. असा घोडा महिनेच्या महिने तयार करावा लागतो. तयार झाल्यावरहि ज्या स्वाराचा भार एका बाजूला कलतो, त्याला तोलून धरतांना घोड्याची पाठ दुखते. म्हणून चांगल्या शाळेंत त्याच्या कामाचे तास मोजलेले असतात, मधून मधून त्याला मोकळ्या कुरणांत सोडतात, आणि त्याचे कान मागें गेले कीं पाठ थांबवितात. दुसऱ्याचें दुःख हलकें करण्यासाठीं मुक्या जनावरावर नवें दुःख लादणें हें शिक्षण नव्हे.

आणि गुणाचें माप किती? घोडा हें सर्व रोगांवर औषध आहे असें सांगणारे लोकहि भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावें. शास्त्रीय परीक्षा झाल्या आहेत, त्या बेताच्या पण बोलक्या आहेत. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत मेंदूच्या इजेमुळें स्नायू आंखडलेल्या १५ मुलांपैकीं कांहींना आठ मिनिटें चालत्या घोड्यावर आणि कांहींना आठ मिनिटें स्थिर पिंपावर बसविलें. घोड्यावर बसलेल्यांच्या दोन बाजूंच्या स्नायूंचें काम अधिक सारखें झालें. पिंपावर बसलेल्यांत तसा फरक पडला नाहीं. २०१५ सालच्या दुसऱ्या प्रयोगांत स्वमग्न वृत्तीचीं १२७ मुलें घेतलीं होतीं. त्यांतील निम्म्यांना दहा आठवडे घोडेस्वारी शिकविली, आणि बाकीच्यांना त्याच तबेल्यांत, पण जिवंत घोड्याशिवाय, घोड्यांविषयीं धडे दिले. स्वारी शिकलेल्यांची चिडचीड अधिक कमी झाली आणि त्यांच्या बोलण्यांत शब्द अधिक येऊं लागले. याचा अर्थ एवढाच कीं, घोड्याच्या संगतींत कांहीं तरी खरें घडतें. मूल बरें होतें असा त्याचा अर्थ नाहीं. हार्टेलबाईंचे गुडघ्यांखालचे पाय शेवटपर्यंत परत आले नाहींत. २००९ सालीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं त्या वारल्या.

हेलसिंकीच्या त्या दिवसाकडे पुन्हां एकवार पाहावें. त्या दिवशीं बाईंना तीन वेळां दुसऱ्याचा हात लागला: घोड्यावर चढतांना, उतरतांना, आणि चौथऱ्यावर पाय ठेवतांना. तो हात त्यांनीं मोकळ्या मनानें घेतला, आणि देणाऱ्यांनींहि तो उपकार म्हणून दिला नाहीं. परंतु या चढण्या-उतरण्याच्या मध्यें, मैदानांत, कोणाचाहि हात नव्हता. तेथें बाई, घोडी आणि परीक्षक एवढेच. हात कोठें द्यावा आणि कोठें काढून घ्यावा, याचा असा चोख हिशेब ज्या घरांत, ज्या शाळेंत ठेवला जाईल, तेथें घोडा नसला तरी चालेल.